राखेच्या जगातली हीलर वहिनी

रविवारी दुपारी तीन वाजता, जळगावात, आमच्या घरात मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या अक्का दार न वाजवताच आत धावत आल्या. त्यांना वाटलं गॅसचं काहीतरी झालं. आणि मी लॅपटॉपसमोर उभी राहून टाळ्या पिटतेय... थांबा, पहिल्यापासून सांगते. राहवतच नाहीये मला!

तर मी जादूगार आहे. हसू नका! वय चव्वेचाळीस, दोन्ही मुलं हॉस्टेलला, आणि गेल्या दीड वर्षापासून मी एक ऑनलाइन गेम खेळते. आपण जादूगार व्हायचं आणि एकेक जग पार करत जायचं. प्रत्येक जगाची वेगळी गोष्ट, शेवटी एक मोठा शत्रू, त्याला जे हरवतील त्यांच्यासाठीच पुढच्या जगाचं दार उघडतं.

हे वेड लावलं माझ्या नणंदेनं. वैशाली, धुळ्याला दिलेली. ती तिकडून खेळते, मी इकडून, आणि तिसरा तिचा कॉलेजचा मित्र तेजस, अमळनेरहून. फोन स्पीकरवर टाकायचा आणि सुरू!

वाळूखाली गाडलेलं शहर आम्ही पार केलं, पाण्याखालचं राज्य केलं. ढगांवरच्या बेटावर तर महिनाभर अडकून पडलो होतो. शप्पथ सांगते, एवढी मजा मला लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती. (आमचे हे वाचत असतील तर सॉरी हं!)

वैशाली आणि तेजस हल्ला करतात, मी हीलर. म्हणजे ज्याला मार बसला त्याला बरं करायचं, आणि पडला तर मंत्र टाकून उठवायचं. पण एका फेरीत एकच मंत्र टाकता येतो. तिघांचे टाकून झाले की शत्रूची पाळी.

मग आलं राखेचं जग. तिथल्या राजानं स्वतःच्याच प्रजेची राख करून टाकलेली, आणि ती राख आपल्याशी बोलते... 'आम्हाला सोडवा' म्हणते. मी तर वाचता वाचता रडले होते. या राजाला मारायचंच, असं डोक्यात बसलं माझ्या.

चार वेळा हरलो. चारही वेळा तेच... आधी मी पडायचे, मग मला उठवणारं कोणी नाही, मग ते दोघं पडायचे. खेळ खल्लास.

गुरुवारी ग्रुपवर तेजसचा मेसेज आला. 'वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण या लढाईपुरता दुसरा हीलर घेऊ या का? माझ्या ओळखीचा एक जण आहे.' म्हणजे राजा हरला की ते दोघं पुढच्या जगात जाणार, आणि मी मागे... राखेत, एकटी.

पोरगा वाईट नाही हो, खरं तेच बोलला. 'चालेल' लिहिलं, वर अंगठा टाकला आणि पोळ्या लाटायला गेले. दोन पोळ्या करपल्या, तिसरी मीच फेकून दिली.

वैशाली मात्र अडून बसली. रविवारी वहिनीसोबत एकदा खेळायचंच, नाही जमलं तर मग बघू, म्हणाली. रविवारी जेवणं उरकून मी बसले तेव्हा माऊस घामानं निसटत होता.

लढाई सुरू झाली. राजानं पहिल्याच फटक्यात तिघांनाही झोडपलं. मी लगेच वैशालीला बरं केलं. पुन्हा फटका, मी तेजसला बरं केलं. तिसरा फटका बसला आणि फोनमधून वैशाली कडाडली.

"वहिनी, थांब! दर वेळी हेच करतेस तू! आधी मला, मग त्याला, आणि स्वतःला कधीच नाही! माय वं, ही काय लग्नाची पंगत आहे का, सगळ्यांना वाढून झाल्यावर तू बसायला?"

खरंच की! चारही लढायांत मी मरायचे तेव्हा बरं करायचे मंत्र माझ्या हातात तसेच पडलेले असायचे... आणि मी आपली नशिबाला बोल लावायचे.

"आता स्वतःवर टाक," वैशाली म्हणाली. तेजसचा जीव किती उरलाय ते दाखवणारा बार लाल झालेला मला दिसत होता. हातच पुढे जाईना हो! पाहुणा उपाशी बसलाय आणि आपण ताट ओढून घेतोय, असं काहीतरी वाटत होतं. डोळे मिटले आणि क्लिक केलं... स्वतःवर.

राजानं राखेचं वादळ सोडलं. तेजस पडला. वैशाली पडली. आणि मी... मी उभी! अहो, पहिल्यांदा मी उभी होते!

मग काय, अंगात आलं माझ्या. वैशालीला उठवलं, पुढच्या फेरीत पुन्हा स्वतःला सावरलं, मग तेजसला उठवलं. दोघांनी मिळून असा काही हाणला राजाला, की तोच राख झाला आणि त्या राखेतून त्याची सगळी प्रजा उठून उभी राहिली. तेव्हाच मी ओरडले आणि अक्का आल्या. त्यांना काहीएक कळलं नाही, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या!

तेजसनं ग्रुपवर लिहिलं, 'हीलर बदलायचा नाही. माझी अक्कल गहाण पडली होती, वहिनी.' मी त्याला भाकरी-भरीत खायला जळगावला बोलावलंय, राग कसला धरायचा!

पुढच्या जगाचं दार उघडलं तर वैशाली आणि तेजसचे जादूगार बाजूला होऊन थांबलेले. "जा ना, तूच पहिली," वैशाली म्हणाली. मी गेले. आत काय आहे ते धड दिसलंही नाही, डोळेच भरून आले होते.

थँक्यू वैशाली... मला असं कोणीतरी रागावून सांगायला हवं होतं गं. फार वर्षांपासून.