पंप शे

सन १९३९, वैशाख, तळोद्याच्या बाजाराचा दिवस. नंदुरबारहून सकाळी सुटलेल्या सर्व्हिस मोटारीत हजर : पुढे मालक शेठ, त्यांच्या शेजारी तापीकाठचे केळीवाले बापा, मागे मिरचीचे दोन व्यापारी, डबा मांडीशी धरलेली एक तेलवाली आजी आणि इतर बाजारकरू, तिकिटं फाडायला कचेरीचा कारकून मी, स्टिअरिंगवर चाचा.

तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या बऱ्याच अलीकडे गाडी आचके देत थांबली. चाचा खाली उतरले. टोपी काढून खिशात घातली, बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पंप शे." म्हणजे, पंपच बिघडला आहे.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते सांगतो; पण आधी या माणसाची ओळख करून दिली पाहिजे.

चाचा आमचे ड्रायव्हर आणि मिस्त्रीही. वडील पिंजारी. धनुकलीच्या ताणलेल्या दोरीचा, तातेचा, आवाज ऐकून कापूस किती पिंजला गेला ते वडील सांगत, आणि तोच कान आपल्याला आला आहे अशी चाचांची खात्री होती. कान आला होता हे खरं. त्या कानाला एकच आजार ऐकू येई, एवढीच अडचण. इंजिन खोकलं, पंप. गाडी चढावर दमली, पंप. एकदा टायर बसला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "चाचा, हाही पंपच का?" ते गंभीरपणे म्हणाले, "नही भाऊ. पन पंपबी देखी लेऊ."

पेट्रोलचा पंप इंजिनाच्या कुशीत असतो. त्याच्या पोटात एक लवचीक पडदा वरखाली होतो, टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि वर इंजिनाकडे ढकलतो. चाचा त्याची नळी सोडत, तोंडात धरून फुंकत, जिभेवर आलेलं पेट्रोल थुंकून टाकत आणि उतारूंना निकाल सांगत : "घसा बसना तिना." तिचा, म्हणजे गाडीचा. मग नळी जोडत, हँडल मारत, आणि गाडी सुरू होई. चाचा टोपी घालत. ती घालताना ते सगळ्यांकडे एकदा बघत, ते बघणं मला अजून दिसतं.

एकदा शिंदखेड्याच्या रस्त्यावर त्यांनी पंप पुरता खोलून चादरीवर मांडला. टाकी कोरडी होती. मी काठी घालून दाखवली. चाचा जराही न वरमता म्हणाले, "मंग पंप बिचारा काय पिई?"

आमच्या घरचा स्टोव्ह बिघडला तेव्हाही ते दारातूनच "पंप शे, वहिनी" म्हणाले. तो मात्र खरोखर पंप निघाला. चामड्याच्या वायसरला खोबरेल लावून त्यांनी तो चालू केला, आणि त्यानंतर सहा महिने माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाला आमच्या घरात अधिक वजन होतं.

आता त्या वैशाखाकडे येतो. त्या उन्हाळ्यात गाडी रोज बंद पडत होती. रोज चाचा पंप खोलत, रोज ती चालू होई, आणि काही मैलांवर पुन्हा बसे. शेठ कंटाळले. बापांना केळीच्या मळ्यात विहिरीवर पाणी ओढायला इंजिन हवं होतं. त्या दिवशी निघतानाच शेठनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मिस्त्री, आज ही तळोद्याला धड पोचली तर ठीक. नाहीतर इंजिन बापांच्या विहिरीवर, आणि तुम्ही घरी."

चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मन्ही गाडीले विहिरवर बसाडतीन, भाऊ? एकेच जागे? ती तं मरी जाई." स्वतःच्या घरी बसण्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

तर गाडी पहिल्यांदा थांबली. पंप खोलला, फुंकला, जोडला, निघाली. पुढच्या नाल्यापाशी दुसऱ्यांदा थांबली. मिरचीवाल्यांपैकी एक म्हणाला, "चाचा, आते तं पंपले शरम वाटाले लागनी व्हई." चाचा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा तेच केलं. बापा खाली उतरून इंजिनाभोवती फिरले, बैल बघावा तसं खालून वरून बघून घेतलं, आणि शेठना आपल्या गुजराती वळणाने म्हणाले, "इंजिन मजबूत छे."

तापीचं पाणी दिसू लागलं आणि गाडी तिसऱ्यांदा बसली. शेठ म्हणाले, "झालं." बापा खिशातून सौद्याची सुपारी काढू लागले. चाचांनी या वेळी बॉनेटला कान लावला नाही. टाकी तरी बघू म्हणून मागे गेले आणि टोपण फिरवलं. टाकीने मोठा श्वास ओढल्यासारखा सूं असा आवाज केला.

खिडकीतून आजी म्हणाली, "मन्हा तेलना डबाबी असाच करस. एकच भोक पाडं तं तेल पडत नही, बाबा. वारा जावाले दुसरं भोक लागस."

चाचांनी टोपण उलटं केलं. टाकीच्या टोपणाला टाचणीएवढं भोक असतं. पेट्रोल जसं कमी होतं तशी तिथून हवा आत जाते. हवा गेली नाही तर पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही. आमच्या टोपणाचं भोक लाल लाखेने बुजवलेलं होतं. नीट, गोल, वर अंगठा दाबून.

लाल लाख आमच्या कचेरीत एकाच माणसाच्या गल्ल्यात असे. उन्हाळ्यात पेट्रोल उडून जातं, असं कुणीतरी शेठना सांगितलं असणार. शेठ एकाएकी तापीकडे बघू लागले. उन्हाळ्यातल्या तापीत बघण्यासारखं फारसं काही नसतं.

मला वाटलं, आता चाचा बोलणार. इतक्या महिन्यांच्या टोमण्यांची व्याजासकट परतफेड करण्याची संधी होती, आणि चाचा काही तोंड आवरणाऱ्यांतले नव्हते. शिवाय त्यांचीही चूक उघडी पडली होती : दर वेळी नळी सोडली की तिच्यातून टाकीत हवा जाई, गाडी चालू होई, आणि दोष बिचाऱ्या पंपावर येई. त्यांनी रस्त्याकडेच्या बाभळीचा काटा मोडला, लाख टोकरून काढली, ती मुठीत घेतली आणि खिशात टाकली. टोपण बसवलं. मग पुढे येऊन, बापांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पंपच व्हता. आते बरा व्हई गया."

गाडी तळोद्याला पोचली आणि परतही आली, एकदाही न थांबता. बापांनी विहिरीसाठी दुसरं इंजिन शोधलं. शेठ त्या दिवसानंतर चाचांना "मिस्त्री" म्हणेनासे झाले; "चाचा" म्हणू लागले. चाचा मात्र रोज सकाळी गाडी काढण्याआधी टोपणाच्या भोकात काटा घालून बघत. माणसावर विश्वास ठेवावा, पण भोकही बघावं, असा त्यांचा हिशेब असावा.

पुढे लढाईत पेट्रोल मिळेना, गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी निघे. अशाच एका सकाळी ती सुरू होईना. चाचांनी टोपी काढली, कान लावला. मी हसायलाच लागलो. ते म्हणाले, "हासू नका भाऊ. या टायमाले खरंच पंप शे." खोलला, तर पडदा उभा फाटलेला. त्यांनी तो मला इतक्या आनंदाने दाखवला, की आजार सापडला म्हणून इतका खूश झालेला वैद्य मी पाहिलेला नाही.

पंप फडक्यात बांधून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "सुरतथून पडदा येवू द्या. मीच बसाडसू. दुसराले हात लावू देऊ नका."

पडदा रेल्वेने आला. तो येण्याच्या आधीच्या जुम्म्याला चाचा गेले. तीन दिवसांचा ताप, एवढंच कळलं. मी शेठना विचारलं, धुळ्याहून मिस्त्री बोलावू का? शेठनी गल्ला बंद केला. मग म्हणाले, "राहू दे. त्यांनी हात लावू देऊ नका म्हटलंय ना."

माझा स्वभाव कामं निकालात काढण्याचा आहे. सर्व्हिस बंद झाली, कचेरी आवरली, खुर्च्या विकल्या, किल्ल्या परत केल्या. फडक्यातला पंप आणि पुडक्यातला पडदा मी घरी आणून ठेवला आहे. गाडी शेठच्या वखारीमागे उभी आहे, टोपणात चाचांनी शेवटच्या सकाळी घातलेला बाभळीचा काटा अजून आहे. तेवढा एक पंप बसवायचा राहिला आहे.