मी दारुडी ठरले तो मंगळवार

आमच्या मालकांची दारू सुटावी म्हणून मी काय काय करून पाहिलं. गंडा बांधला, गळ्यात माळ घालायला लावली, रुसून माहेरी जाऊन बसले आणि तिथं करमेना म्हणून आपली आपणच परत आले. तिकोणा पेठ गावात आमची थोडी शेती आहे आणि पवनेच्या काठावर पर्यटकांसाठी लावलेले तंबू. तंबूत उतरलेले पाहुणे मालकांना आग्रह करून बसवून घेत, आणि पाहुण्यांचं मन मोडणं मालकांना जमत नसे. पाहुणे नसले की ते स्वतःच स्वतःला आग्रह करत.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला सांगितलं, लोणावळ्याजवळ वलवणला दर मंगळवारी दारू सोडलेल्या माणसांची बैठक भरते. औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसतं बसायचं आणि बोलायचं. हे मी मालकांच्या कानावर घातलं. नुसतं बसायचं असेल तर येतो म्हणाले, पण मी बरोबर यायचं आणि वाटेत कुणाला पत्ता विचारायचा नाही, अशी अट घातली.

पत्ता न विचारल्यामुळे आम्ही भलत्याच हॉलमध्ये शिरलो. दारात अंगावर गुलाबपाणी पडलं, हातात पोह्यांची बशी आली. दारू सोडणाऱ्यांची एवढी बडदास्त असते हे आधी कळलं असतं तर कधीच आलो असतो, असं म्हणत मालकांनी दुसरी बशी घेतली. एवढ्यात एका बाईंनी येऊन विचारलं, तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे? कुणाचा तरी साखरपुडा चालला होता. आता आलोच आहोत तर जेवूनच जाऊ, असं मालकांचं मत पडलं. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि सरळ पानटपरीवाल्याला विचारलं. त्यानं चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता समोरच्या प्राथमिक शाळेकडे बोट केलं.

पहिलीच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर, चांगली मोठाली माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. बायका दोनच, एक म्हातारी मावशी आणि मी. बैठक चालवणारे आबा रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, आज नवीन कोण आलंय? मालक भिंतीवरचं मुळाक्षरांचं चित्र निरखायला लागले. सगळे वाट बघत होते. मला ती शांतता सोसेना, म्हणून मी हात वर केला.

टाळ्याच सुरू झाल्या. मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “बाईमाणसाला हितं येणं लय अवघड असतंय, पोरी. तू धीर केलास.”

मी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर मालक गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होते. तुम्ही कोण म्हणून आबांनी त्यांना विचारलं तर म्हणाले, मी हिचा मालक, हिला घेऊन आलोय. मग सगळ्यांनी मिळून त्यांना समजावलं. हिला संध्याकाळी एकटीला सोडू नका, घरात बाटली ठेवू नका, घसरली तरी टाकून बोलू नका. मालक प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणत होते. मी रागानं त्यांच्या पायावर पाय दिला, तरी व्हयच म्हणाले. पुढं मला रागाबरोबर हसूही यायला लागलं आणि मी पदर तोंडाला लावला. मी रडतेय असं वाटून मावशीनं मला आणखी जवळ घेतलं.

आबांनी मालकांना चहा दिला आणि सहज विचारलं, ही पिऊन आली की तुम्हाला घरात काय काय सोसावं लागतं?

मालक कपाकडे बघतच हळूहळू बोलायला लागले.

“वाट बघणं असतंय नुसतं. ताट झाकून ठेवायचं. दाराला कडी लावायची न्हाई, लावली तर राग येतो. लांबून चपलांचा आवाज आला की कान द्यायचा, पाय सरळ पडतोय का वाकडा. त्यावरनं ठरवायचं, आज बोलायचं का गप राहायचं.”

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मी चपलांचा आवाज ऐकत बसते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. त्यांना यातलं काही कळत नाही, अशीच माझी समजूत होती.

कप बाकावर ठेवून ते म्हणाले, “ही न्हाई पीत. मी पितो.”

आबा म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. चहा घ्या, गार होतोय.” मावशीनं माझं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं, नीट न्याहाळलं, आणि आपल्याला मघाशीच शंका आली होती असं जाहीर केलं.

त्या दिवशी दारू सुटली असं नाही. शिमग्याला मालक पुन्हा घसरले. पण पुढच्या मंगळवारी मी सांगायच्या आधीच ते गाडी काढून वलवणला गेले आणि सगळ्यांसमोर सांगून आले. नंतरही एकदा त्यांचा पाय घसरला, तेव्हाही ते गेले. आता बराच काळ झाला, घरात रात्री कडी लावून आम्ही झोपतो.

मी अजून त्यांच्याबरोबर जाते. शेजारच्या दुसरीच्या वर्गात आम्ही पिणाऱ्यांच्या घरच्या बायकांनी आमची वेगळी बैठक सुरू केली आहे. तिथं रडणं असतं, पण हसणंच जास्त. कधीकधी पलीकडून एखादा भाऊ येऊन दारावर टकटक करतो आणि जरा हळू हसा म्हणून विनवतो.