गावाच्या नावानं दिलेला होकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. फळ्यावर बेरीज चुकली तर पोरांसमोर कबूल करणारा मी. मग हेच का दडवलं?

तेव्हा मी एटापल्लीकडे मास्तर होतो. गोंडी येत होती, इंग्रजीही. म्हणून एका आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमुख जंगलातल्या एका गावाला येणार म्हटल्यावर दुभाषा म्हणून माझं नाव निघालं. मी ठेवणीतला सदरा घातला. "गुर्जी, आज नवरदेव दिसून राह्यले," जीपवाला म्हणाला. दिसतच असेन.

वाटभर साहेब माझ्याशी बोलत होते — मास्तराशी! वकिलातीतला धाकटा अधिकारी, मग तीन देशांत राजदूत, मग या संघटनेची खुर्ची. एका देशात लोक नको म्हणाले, तर मंजूर झालेलं काम सोडून ते परतले होते. गावाचा होकार ऐकल्याशिवाय मी सही करत नाही, म्हणाले. अशा माणसाच्या शेजारी बसून तुम्ही हुरळला नसता?

गाव मोहाच्या झाडांखाली जमलं. हे मोह काढून लवकर वाढणारी झाडं लावू, मजुरी मिळेल — चालेल का? साहेबांचा प्रश्न मी गोंडीत सांगितला. एक शब्द गाळला नाही.

कुणी बोललं नाही.

त्या गावात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. गप्प राहतात — तोच नकार. मला हे माहीत होतं. शाळेसाठी जागा मागितली तेव्हा मीही तो ऐकला होता. पण साहेब माझ्याकडे बघत होते. नकार सांगितला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. तो दौरा, ते काम — आणि मी.

"हो म्हणतात," मी म्हणालो.

साहेबांनी माझा हात धरून जोरात हलवला. खरं सांगू? मला आनंद झाला. तेवढा पुन्हा कधी झाला नाही.

जीपकडे जाताना गावचा प्रमुख, म्हातारा गायता, जवळ आला. "आमी तं बोललोच नाई, गुर्जी. साहेब हासला काऊन?"

"त्याले तुमचं गाव आवडलं," मी म्हणालो. साहेब अजून जीपबाहेरच उभे होते. मी हाक मारली नाही.

पुढे मोह तोडले. बाया फुलं वेचायला लांबच्या जंगलात जाऊ लागल्या. परदेशी माणूस, त्याले आपलं गप्प राहणं समजलं नाई — गायता मरेपर्यंत लोकांना हेच सांगत राहिला. माझ्यासमोरही. आणि मी मान हलवत राहिलो.