जिन्याच्या वळणावरची संगीन

संगीन लावलेली रायफल माझ्यापेक्षा साडेतीन इंचांनी उंच होती. हा अंदाज नव्हे. मी दिवाणखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले, शेजारी रायफल उभी केली आणि दोघींच्या माथ्याशी पेन्सिलीने खुणा केल्या. त्या खुणा पाहून काकूंनी फक्त एवढेच विचारले, "आता ही भिंत कोण पुसणार?"

ही २००४ च्या सप्टेंबरमधली, अमेरिकेतली गोष्ट. अ‍ॅशबर्नमधल्या एका टाउनहाउसच्या वरच्या मजल्यावर मी राहत होते. घर काका-काकूंचे. काका माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांची मुलगी त्याच वर्षी कॉलेजला गेली होती आणि तिची रिकामी खोली मला मिळाली होती. भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट संपवून मी नुकतीच एका प्रयोगशाळेत रुजू झाले होते, आणि पाच वर्षांत स्वतःचा संशोधनगट उभा करायचा असे माझे ठरले होते. सत्ताविसाव्या वर्षी बहुतेक प्रश्नांवर माझे मत तयार असे. ज्यांवर नसे, त्यांवर ते जेवणाची ताटे वाढेपर्यंत तयार होई.

त्या महिन्यात आमच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात भरदुपारी चोरी झाली. चोर मागच्या काचेच्या दारातून आत शिरले आणि टीव्हीला, लॅपटॉपला हातही न लावता कपाटातले सोने घेऊन गेले. भारतीय घरात काय शोधायचे आणि कुठे शोधायचे, हे त्यांना नेमके ठाऊक होते. काका दिवसभर डेटाबेस सांभाळणारे, अतिशय मवाळ गृहस्थ. पण त्या बातमीने ते आतून हलले. तोवर त्या घरातले सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे काकूंची विळी होती. पुढच्या शनिवारी काका गाडीचे ऑइल बदलायला म्हणून बाहेर पडले आणि दुपारी परतले तेव्हा डिकीपासून पुढच्या काचेपर्यंत चादरीत गुंडाळलेले काहीतरी आडवे ठेवलेले होते. जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनातल्या एका विक्रेत्याकडून त्यांनी कुठल्याशा युरोपीय सैन्याची, पणजोबांच्या काळातली रायफल आणली होती. लाकडी दस्ता, आणि टोकाला बसवायची सळईसारखी लांब, अणकुचीदार संगीन.

काकूंनी ती पाहिली आणि त्या सोफ्यावर बसल्या.

"अहो, रविवारी खाली मुलं येतात."

खाली म्हणजे तळघरात. काकू मूळच्या शिक्षिका. मिरजेच्या शाळेत त्यांनी नऊ वर्षे शिकवले होते. इथे त्यांच्या बी.एड.ची कोणी चौकशीही केली नव्हती. म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी तळघरात मराठीचा वर्ग सुरू केला. अकरा मुले, एक पांढरा फळा, मुळाक्षरांचे तक्ते आणि मधल्या सुट्टीत चिवडा. आठवड्याचे सहा दिवस काकू त्या सातव्या दिवसाची तयारी करत.

"म्हणूनच मी गोळ्या आणलेल्या नाहीत," काका म्हणाले. "आणणारही नाही. फक्त संगीन."

"म्हणजे एवढी मोठी बंदूक, ती भाल्यासारखी वापरायची?"

"भाला नाही गं. डिटरन्ट. नुसता धाक." मग रात्री जेवताना ते माझ्याकडे वळले. "तू सांग. तू सायन्सवाली."

आणि मी सांगितले. हा माझा गुन्हा. घरात बंदूक हवी की नको, असा खरा प्रश्न होता. मला मात्र तो एखाद्या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नासारखा दिसला. आपल्या घरांच्या भिंती म्हणजे आतून पोकळ असलेले जिप्समचे पत्रे, मी म्हणाले. गोळी चुकली तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाईल, संगीन मात्र मालकाच्या हाताच्या पलीकडे जात नाही. ती भरावी लागत नाही, अडकत नाही, आवाज करत नाही. शिवाय साडेपाच फूट लांब टोकदार वस्तू अंगावर येताना पाहिली की कोणताही विवेकी चोर मागे फिरेल. विवेकी चोर ही संकल्पना तेव्हा मला स्वयंसिद्ध वाटली. काकांनी खूश होऊन माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. काकू म्हणाल्या, "बरं," आणि आमटीचे पातेले उचलून आत गेल्या. वाद जिंकल्याच्या आनंदात मी भात दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी, वर्गाला सुट्टी असलेल्या त्या रविवारी, किराणा आणायला जाताना गाडीत काकूंनी मला सांगितले. काका रायफलीबद्दल बॅडमिंटनच्या ग्रुपमध्ये मोठ्या कौतुकाने बोलले होते, आणि वर्गातल्या दोन मुलांच्या आईचा सकाळीच फोन आला होता. ज्या घरात बंदूक आहे त्या घरात मी मुले पाठवणार नाही, गोळ्या असोत वा नसोत, असे ती म्हणाली होती. या बाईंच्या मिनीव्हॅनमधून आणखी तीन मुले येत. बाकीच्या आया तिच्याकडे पाहूनच ठरवत.

"पुढच्या रविवारपर्यंत सांगते म्हटलंय मी तिला," काकू म्हणाल्या.

"मग तुम्ही काकांना स्पष्ट सांगा ना."

"मी सांगितलं तर ते म्हणणार, तू भित्री आहेस. तू सांगितलंस तर ते सायन्स होतं." मग त्यांनी पुढे जोडले, "काल झालंच की."

ते मला लागले. पण आदल्या दिवशी इतक्या मुद्देसूद मांडलेले मत मागे घेणे माझ्या स्वभावात नव्हते. सुदैवाने विज्ञानात मत बदलण्याची एक सभ्य रीत आहे: प्रयोग करायचा. मान खाली घालावी लागत नाही, फक्त वहीत खाली पाहावे लागते.

अटी मी लिहून काढल्या आणि दोघांनी मान्य केल्या. चोर मागच्या काचेच्या दारातून येईल आणि वरच्या बेडरूममधल्या कपाटापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करेल. काका बेडरूममधून निघतील. तीन प्रयत्न. त्यांतल्या एकातही काकांनी वाटेत चोराला संगिनीचे टोक टेकवले तर रायफल घरात राहील, आणि काकू त्या आईला स्वतः फोन करून तसे सांगतील. नाही टेकवले तर रायफल जिथून आली तिथे परत.

शुक्रवारी संध्याकाळी मी गणित केले. वर बोळ आहे, मग काटकोनात वळणारा जिना. दोन्हींची रुंदी तीन फूट. अशा वळणावरून जास्तीत जास्त किती लांबीची काठी आडवी नेता येईल, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुटतो. उत्तर आले जवळजवळ साडेआठ फूट. रायफल साडेपाच फुटांची. ती त्या वळणावरून आरामात जाणार होती. म्हणजे काकूंचा वर्ग मी दुसऱ्यांदा बुडवला होता, या वेळी दशांश चिन्हासकट. मी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही. संशोधकाने पूर्वगणना लपवू नये, हे मला माहीत होते. मी ती लपवली.

शनिवारी दुपारी घरात अंधार व्हावा म्हणून आम्ही सगळ्या खिडक्यांच्या पडद्यांच्या पट्ट्या खाली ओढल्या. खऱ्या रायफलीऐवजी मुलीच्या खोलीतला पडद्याचा रॉड घेतला, तो बरोबर मापाला कापला आणि टोकाला भोक पाडलेला टेनिसचा चेंडू बसवला.

पहिल्या फेरीत चोर काकू. मी शिट्टी वाजवली. काका बेडरूमच्या दारात रॉड आडवा अडकवून "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत असतानाच काकू त्याच्या खालून वाकून आत गेल्या आणि कपाट उघडून उभ्या राहिल्या.

"अहो, पोचले मी. डबा दुसऱ्या कप्प्यात आहे, साड्यांच्या मागे."

"तू घरचा चोर आहेस! ही फेरी धरायची नाही."

"चोराला घरची माहिती असते, म्हणूनच तर रायफल आणलीत ना?"

फेरी धरली गेली. दुसऱ्या फेरीत चोर मी. काका या वेळी दारातून रॉड सरळ धरून सफाईने निघाले आणि वळणावर आले. तिथे मला माझ्या गणितातली चूक दिसली. काठी वळणावरून जात होती; काठी धरलेले काका जात नव्हते. काठीच्या मागे त्यांची दोन कोपरे होती, एक पोट होते, आणि टोक पुढे रोखूनच चालायचे असा एक सैनिकी बाणा होता. चेंडू समोरच्या भिंतीला टेकला तेव्हा काका अजून बोळातच होते. ते मागे सरले, रॉड वर उचलला, छतावरच्या दिव्याला लागला, पुन्हा खाली आणला. तेवढ्यात मी जिना चढून चेंडू दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. रॉड माझ्या हातात आला. आता संगीन चोराकडे होती.

"अगं, ओढायचं नसतं!"

"काका, चोराला नियमावली दिलेली नाही."

मी मनातल्या मनात तो कागद फाडला. काकू मला जिन्याखालून हळूच अंगठा दाखवून कुकर लावायला स्वयंपाकघरात निघून गेल्या. काकांना मात्र हार मान्य नव्हती. त्यांनी डोके लढवले. "फिरायचंच नाही. मी वळणावरच दबा धरून बसतो. चोर येणार तिथूनच." ही युक्ती उत्तम होती. मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले, साठ अंक मोजले आणि दार सरकवले.

मला उशीर झाला. त्या साठ अंकांत घरातला फोन वाजला होता. फोनवर तीच आई होती, उद्या मुले पाठवू की नको हे विचारायला. काय सांगायचे ते काकांनाच विचारावे म्हणून काकू फोन हातात घेऊन जिना चढू लागल्या. मी आत आले तेव्हा त्या वळणाजवळ पोहोचल्या होत्या. अंधारात पावले वाजली, आणि काका पूर्ण ताकदीने पुढे झेपावले.

चेंडू काकूंच्या गळ्याखाली बसला. फोन हातातून सुटून पायऱ्यांवरून उड्या मारत माझ्या पायाशी आला. वरून काकूंचे "आई गं!" ऐकू आले, त्यामागून काकांचे "लागलं का? लागलं का गं? कुठे लागलं?" आणि माझ्या पायाशी पडलेला फोन घाबरून बोलत होता, "काकू? काय झालं? हॅलो? मी नाइन वन वन करू का?"

मी फोन उचलून वर नेऊन दिला. काकू पायरीवर बसल्या होत्या, एक हात गळ्याशी. त्यांनी श्वास घेतला आणि शिक्षिकेच्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "काही नाही गं. ह्यांनी मला संगीन मारली."

"काय मारली?" फोनमधला आवाज किंचाळला.

"पुढे टेनिसचा चेंडू होता," काकूंनी जोडले. "थांब, उद्याचं सांगते."

काका त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसले. रॉड अजून त्यांच्या हातातच होता. त्यांनी चेंडूकडे पाहिले, मग काकूंच्या गळ्याकडे, जिथे गोल लालसर वळ उठत होता. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नोंद कर."

मी वहीत लिहिले: तिसरी फेरी. टोक टेकले. लक्ष्य: काकू. अटींच्या भाषेत पाहिले तर पेच होता, कारण टोक टेकले होते आणि चोर म्हणजे नेमके कोण, हे मी लिहिलेच नव्हते. काका हा मुद्दा काढतील अशी मला धास्ती होती. त्यांनी वही घेतली, ती ओळ दोनदा वाचली आणि परत दिली.

"पाठव म्हणावं मुलांना," ते काकूंना म्हणाले. "सकाळी वर्गाच्या आधी त्या विक्रेत्याच्या घरी परत देऊन येतो."

ते खरोखर सकाळी सातला निघाले, तीच चादर, तसेच आडवे गाठोडे. अकरा वाजता मिनीव्हॅन आली. त्या आईने काकूंच्या गळ्यावरचा वळ पाहिला, आणि कधी नव्हे ती वर्ग संपेपर्यंत तळघरातच बसून राहिली.

ऑक्टोबरात दसरा आला. काकू दर वर्षी वर्गात शस्त्रपूजा करत, आणि मुले आपापली हत्यारे आणत: कॅल्क्युलेटर, व्हायोलिनचा बो, एकाचा बेसबॉलचा ग्लव्ह. काकांचा लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्या होत्या, माझी मोजमापाची वही होती. पूजा सुरू होण्याआधी काका वर गेले आणि पडद्याचा रॉड घेऊन आले. तो त्यांनी सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला. काकूंनी एकेक करून सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लावले आणि त्या चेंडूलाही लावले.

"इज दॅट अ वेपन?" एका मुलीने विचारले.

"मराठीत," काकू म्हणाल्या.

"हे... शस्त्र आहे?"

काकूंनी काकांकडे पाहिले. "पडद्याचा रॉड आहे, बाळा," काका म्हणाले आणि आपट्याच्या पानांऐवजी आणलेली मेपलची पाने वाटू लागले.

त्या संध्याकाळी भांडी पुसताना मी काकूंना त्या कागदाबद्दल सांगितले. रायफल वळणावरून जाते असे माझे गणित म्हणत होते, आणि मी ते दडवले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"तिला फोन केला असता. शब्द दिला होता ना." त्यांनी ताट फडताळात ठेवले. "आणि वर्ग गेला असता."

मी पुढचे ताट पुसायला घेतले.

"गणितात ह्यांना धरलंच नव्हतंस?"

"नाही."

"पोटासकट?"

"पोटासकट नाही."

काकू हसल्या, इतक्या की त्यांना पुसणे खाली ठेवावे लागले. मग डोळे टिपत म्हणाल्या, "आता मुलं तेरा झालीत, मला एकटीला आवरत नाहीत. रविवारी पाढे तू घे. पण काय शिकवणार आहेस ते आधी मला दाखवायचं."