वाल्पुर्गाकाकूंच्या कपाळावरचा कोबी

चर्चच्या तळघराची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून पाहुणे येतात ते माझ्याच दारात. वरचं सातशे वर्षांचं चर्च ते माना वर करकरून बघतात. खाली उतरलं की मात्र सगळ्यांचे आवाज आपोआप हळू होतात. तिथे फळ्यांवर आमची माणसं ओळीनं मांडलेली आहेत. डोंगर आणि तळं यांच्या बेचक्यातलं आमचं गाव, दफनाला जागा ती केवढीशी! पुरल्याला पंधरा वर्षं झाली की कवटी बाहेर काढायची, उन्हात पांढरी होऊ द्यायची, कपाळावर नाव आणि नक्षी रंगवायची. पुरुषांना ओकची पानं, बायकांना गुलाब.

हे रंगकाम चाळीस वर्षं काजेतानकाकांनी केलं. माणूस अबोल, आणि बायको वाल्पुर्गाकाकू तेवढ्याच फटकळ.

"हे गुलाब? कोबीचे गड्डे आहेत नुसते! माझ्या कपाळावर असलं काही काढलंस तर बघ."

"तेव्हा तू बघणार कशी?"

"बघेन रे. तुझ्यावर नजर ठेवावीच लागते."

मागच्या उन्हाळ्यात काकूंना जाऊन पंधरा वर्षं भरली. तोवर काकांचे हात कापायला लागले होते. सूप पिताना चमचा वाडग्यावर वाजायचा. पाद्री म्हणाले, "शहरातून चित्रकार बोलावू या." काका उसळलेच. "तिच्या कपाळाला परक्याचा हात लागणार नाही!" पण घरी जाताना हळूच मला म्हणाले, "पोरी, एक तरी गुलाब तिला आवडेल असा काढायचाय गं. हात ऐकेल ना?"

तळघराच्या उंबऱ्यावर सकाळी घटकाभर ऊन येतं, तेवढाच वेळ ते कवटी मांडीवर घेऊन बसायचे. तळ्यावर धुकं असायचं, आतून मेणाचा वास यायचा, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे मलाही कळायचं नाही. रोज एक अक्षर, असं करत नाव नीट उतरलं. मग गुलाब काढायला घेतला आणि ब्रश घसरला. पाकळी फुगली. सावरायला दुसरी काढली, तीही फुगली. पानांचा हिरवा रंग लालावर पसरला.

मी फडकं पुढे केलं. काकांचे खांदे हलत होते. रडताहेत असं वाटलं, पण ते हसत होते.

"कोबी! तिनं सांगितला होता अगदी तस्सा."

"पुसू का, काका?"

"राहू दे. मी शेजारी येऊन बसेन, तेव्हा भांडायला काहीतरी हवं ना तिला."

कवटी त्यांनी स्वतःच खाली नेली. फळीवर ठेवली आणि तिचं तोंड शेजारच्या रिकाम्या जागेकडे थोडं वळवलं.