डब्यापेक्षा मोठी भाकरी

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून माझी सहकारी मीनल भाकरीचा चुरा खात होती. भाकरी ताटाएवढी आणि डबा तळहाताएवढा, म्हणून ती रोज मोडून कोंबते.

सकाळपासून माझंही डोकं अशाच न मावण्यावरून फिरलंय. एका दवाखान्याच्या सर्व्हरची डिस्क आमच्या मशीनला लावली, तर कर्नल, म्हणजे मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती उघडेचना. डिस्कवर माहिती ज्या तुकड्यांत ठेवतात तो एकेक ब्लॉक चौसष्ट केबीचा आणि इथलं मेमरीचं पान, म्हणजे मेमरीतला एकेक कप्पा, चार केबीचं. एका पानात मावत नाही, म्हणून सरळ नकार. काय हा माज! शेजारची सोळा पानं एकत्र धरली की ब्लॉक आरामात मावतो; नव्या कर्नलला ते जमतं. पण आमचे सर अपडेट करू देतील तर शपथ.

"फॉरमॅट मार आणि छोटे ब्लॉक कर," सकाळी ते म्हणाले.

"सर, त्यात पेशंटचे एक्स-रे आहेत!"

"मग त्यांनी आधी विचार करायचा होता."

आपल्या मापात बसत नाही ते पुसून टाकणाऱ्या माणसांची मला किळस येते.

"अगं, डबा मोठा घे ना," मी मीनलला म्हणालो.

"छे, आईलाच बजावलंय, भाकऱ्या लहान थाप म्हणून."

मी माझा डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.