क्रिसान्तो मिस्त्रीने नाकारलेली जमीन

आमच्या गावात चर्चचा आणि स्वयंपाकघराचा अबोला आहे, असं परगावचे लोक हसून म्हणत. चर्च डोंगराच्या पायथ्याशी, स्वयंपाकघर ओढ्यापलीकडे, संडास शाळेच्या पाठीमागे, आणि दवाखान्याची खोली तर पार वेलदोड्याच्या मळ्याला टेकलेली. मधोमध मात्र अंगणासारखी सपाट जागा नुसती गवत वाढवत पडलेली.

ही सगळी बांधकामं पाहुण्यांच्या हातची. दर मार्चमध्ये उत्तरेकडच्या देशातल्या, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचं एक पथक आमच्याकडे यायचं. दहा-बारा माणसं, दहा दिवसांसाठी. पदरचं भाडं भरून येत, खोदत, विटा रचत, पाठी भाजून घेत आणि जाताना आमच्या गळ्यात पडून रडत. काय बांधायचं ते चर्चचे पाळक आणि पाहुणे मिळून ठरवत. कुठे बांधायचं ते क्रिसान्तो इकाल ठरवायचा.

क्रिसान्तो गावचा मिस्त्री. आमचे डोंगर चुनखडीचे, आतून पोखरलेले. वर हिरवंगार आणि खाली भुयार, अशी इथली तऱ्हा. क्रिसान्तो नुसती टाच आपटून सांगायचा, इथे भिंत उभी राहील आणि इथे बसेल. त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता. त्या मधल्या जागेपाशी पथक आलं की तो टाचसुद्धा आपटायचा नाही. "ही बरी नाही. खाली पोकळ आहे," एवढंच म्हणायचा. चार वेळा म्हणाला आणि चार इमारती बाजूला सरकल्या. गरम भांडी घेऊन ओढा ओलांडणाऱ्या बायका त्याला टोमणे मारत, "मिस्त्री, तुमच्या पायी जेवण देवाच्या दारी पोचेस्तोवर गारठतं हो!" तो हसायचा. पण चालताना त्या गवताला वळसा घालूनच जायचा.

त्या वर्षी पावसाच्या पाण्याची मोठी टाकी खोदायची होती. पथकाचा म्होरक्या होता वर्लिन श्रॉक, कॅन्ससचा, सत्तरी उलटलेला, जन्मभर विहिरी खोदलेला माणूस. त्याला टाचेचं शास्त्र ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी, न्याहारीच्याही आधी, त्याने सोबत आणलेला लांब गिरमिट त्या गवतात उभा केला आणि पिळत पिळत पुरुषभर खाली घातला. वर आलेली माती बोटांत चोळली, हुंगली आणि एलिहियो पाळकांना हाक मारली. पाळक दोन्ही भाषा जाणत.

"म्हणतायत, गावात याच्यासारखी जमीन नाही," पाळकांनी सांगितलं. "चिकण, घट्ट. विचारतायत, हिला नाही कोण म्हणालं?"

"आमचे मिस्त्री!" बायका एका सुरात ओरडल्या.

"वीस वर्षं आमची पायपीट केलीत की हो!"

"टाच म्हातारी झाली त्यांची, दुसरं काय!"

वर्लिनला वाटलं, माणूस शरमला. त्याने क्रिसान्तोच्या खांद्यावर हात ठेवला. पाळकांनी त्याचं बोलणं पोचवलं, "मीही एकाला कोरडी विहीर खोदून दिली होती. तो अजून माझं तोंड बघत नाही, म्हणतायत." सगळे हसले. क्रिसान्तोला हसू आलं नाही. त्याची नजर गिरमिटाच्या भोकावर होती. आणखी तीन पावलं पलीकडे ते पडलं असतं तर मातीबरोबर काय वर आलं असतं, ते एकट्या त्याला ठाऊक होतं.

"सोमवारी फावडी लावू," वर्लिन म्हणाला.

त्या जागेत गावचा मार्कोस पोप पुरलेला होता.

ब्याऐंशी साली, देशात यादवी पेटली होती तेव्हा, क्रिसान्तो एकोणीस वर्षांचा होता. लष्कराने गावोगावच्या पोरांना गस्तीला जुंपलं होतं. हातात जुनी बंदूक, पोटात भीती. सैनिकांनी मार्कोसला मक्याच्या शेतातून उचलून आणलं, कारण कोणीतरी कोणाचं तरी नाव घेतलं होतं. त्यांनी मारलं. खड्डा क्रिसान्तोने खणला आणि बुजवलाही त्यानेच. माती टाकत असताना कोणीतरी खोकलं. त्याचं फावडं हवेत थांबलं. मागून अधिकारी म्हणाला, "आटप." क्रिसान्तोने फावडं रिकामं केलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. ते खोकणं मागच्या सैनिकाचं होतं की खालच्या माणसाचं, हे त्याला तेहेतीस वर्षांत ठरवता आलं नाही. भर दुपारी, लोक गात असताना, सिमेंट कालवताना, वेलदोडे वाळवताना ते त्याला ऐकू यायचं. तो वळून बघायचा. मागे कोणी नसायचं.

पुढे तो मेनोनाइट झाला. शस्त्र न धरणाऱ्यांची ही मंडळी त्याला सावलीसारखी वाटली. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी विचारलं, "हातात शस्त्र धरशील?" तो म्हणाला, "इथून पुढे कधी नाही." मागचं कोणी विचारलं नाही.

मार्कोसची बायको कांदेलारिया त्याच मंडळीत होती. पथक आलं की चूल तिच्याकडे. नवऱ्याला शहरातल्या छावणीत नेलं, एवढंच तिला सांगितलं गेलं होतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं ती दर महिन्याला छावणीच्या फाटकाशी बसून यायची. क्रिसान्तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी. न सांगता तो तिच्या दारात लाकडं टाकायचा, छप्पर शाकारायचा. ती पाहुण्यांना कौतुकाने सांगे, "सख्खा दीर असता तरी एवढं करता ना."

आता क्रिसान्तोपुढे दोनच वाटा होत्या. गप्प राहिला तर सोमवारी कॅन्ससच्या पोरांची फावडी वहिनीला तिचा नवरा काढून दाखवतील. बोलला तर ते भावजी म्हणणं गेलं, घर गेलं, मंडळी गेली. आणखी एक खोटं, की ती जागा अजूनही वाईट आहे, ते सकाळी गिरमिटाने मारून टाकलं होतं.

त्याच दुपारी तयारीची सभा होती. आमच्यात प्रभुभोजनाच्या, म्हणजे एकत्र भाकर मोडून खाण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी सगळे सभासद जमतात. एकेकाने उभं राहून सांगायचं, "देवाशी आणि माणसांशी मला शांती आहे. मी भाकर घेऊ इच्छितो." आम्ही शपथ घेत नाही. आमचं हो म्हणजे हो. आणि एकानेही नाही म्हटलं तर भाकर कोणालाच मोडली जात नाही, वाट बघायची. क्रिसान्तोने वर्षातून दोनदा, पंचवीस वर्षं, हो म्हटलं होतं.

पाहुणे मागच्या बाकांवर बसले. पाळक हळू आवाजात त्यांना उलगडून सांगत होते. कांदेलारिया उठली, पदराला हात पुसत म्हणाली, "शांती आहे," आणि बसली. दोघांनंतर क्रिसान्तोची पाळी आली. तो उभा राहिला. मागे कोणीतरी खोकलं. त्याने वळून पाहिलं. पाहुण्यांतली एक पोरगी होती, धुराने घसा बसलेली, ओशाळून हसली.

तो पुढे वळला. "मला शांती नाही," म्हणाला.

पाळकांचं उलगडून सांगणं थांबलं. "कोणाशी नाही, बंधू?"

"वहिनींशी."

बायकांत कुजबुज झाली. कांदेलारिया चक्क हसली. "अहो भावजी, सकाळचं मनावर घेतलंत? चेष्टा केली हो."

"वहिनी, मार्कोसदादांना छावणीत नेलंच नव्हतं. गिरमिट मारला तिथे आहेत. खड्डा मी खणला."

पत्र्यावर बारीक पाऊस लागला होता. कांदेलारिया उठून त्याच्यासमोर आली. तिने ना आरडाओरडा केला ना हात उगारला. एकच विचारलं, "बुजवलंस तेव्हा मेले होते ना?"

हो म्हणता आलं असतं. सगळी मंडळी मनातून तेच मागत होती. खुद्द पाळकांनी डोळे मिटून घेतले होते.

"माहीत नाही," क्रिसान्तो म्हणाला. "माती टाकताना कोणीतरी खोकलं. मी थांबलो नाही."

कांदेलारिया वळली. मग ओढ्याकडे न जाता सरळ त्या गवतात गेली आणि मधोमध बसली.

रविवारी भाकर मोडली नाही. पुरलेली हाडं शोधणाऱ्या माणसांना राजधानीत निरोप गेला. त्यांनी कळवलं, आम्ही येईपर्यंत कोणी मातीला हात लावू नका. पाहुण्यांचे अजून चार दिवस उरले होते. फावडी भिंतीला टेकलेली, हातमोजे कोरे. वर्लिन सोमवारी सकाळी टोपी हातात घेऊन गवताच्या कडेला उभा राहिला.

"म्हणतायत, आम्हाला काम द्या," पाळक म्हणाले. "नुसतं राहवत नाही म्हणतायत. स्वयंपाकघर रंगवू का?"

"बसा म्हणावं," कांदेलारिया म्हणाली.

"रंग त्यांनी आणलाय..."

"एलिहियो, बसा म्हणावं त्यांना. मी तेहेतीस वर्षं वाट बघत बसले. एवढ्या लांबून आलेत, चार दिवस बसता येत नाही?"

ते बसले. दोघं-दोघं, पाळीपाळीने, उन्हात, पावसात. काम करायला आलेली माणसं ती, त्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. पहिल्या दिवशी घड्याळं बघितली, दुसऱ्या दिवशी गवत उपटलं. तिसऱ्या दिवशी वर्लिन तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत काहीच न करता बसून राहिला. आमच्या गावासाठी एवढं कष्टाचं काम कुठल्याच पथकाने केलं नव्हतं. क्रिसान्तो कुंपणापाशी उभा असायचा. आत ये असं त्याला कोणी म्हटलं नाही, आणि जा असंही नाही.

पुढच्या कोरड्या दिवसांत राजधानीची माणसं आली. त्यांनी मिस्त्रीला जागा दाखवायला लावली. त्याने टाच टेकवली तिथेच मार्कोस निघाला, कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला. शोधणाऱ्यांतल्या बाईला कांदेलारियाने तोच प्रश्न विचारला. बाई म्हणाली, "आई, हाडं तेवढं सांगत नाहीत."

मार्कोसला दफनभूमीत ठेवलं. टाकी ओढ्याकडे बांधली गेली. क्रिसान्तो आता लाकडं टाकत नाही, तिने नको सांगितलंय. तिच्या दारावरून जाताना तो टोपी काढतो. ती कधी मान हलवते, कधी नाही.

परवा पुन्हा तयारीची सभा झाली. एकेक जण उठला. क्रिसान्तो म्हणाला, "मला अजून ऐकू येतं." पाळकांनी मान डोलावली. मग कांदेलारिया उठली.

"अजून नाही," ती म्हणाली.

पाळकांनी पुस्तक मिटलं. भाकर न मोडण्याची ही पाचवी वेळ. म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट सगळे उठलो, ओल्या पायवाटेने आपापल्या घरी गेलो. कोणीही कुरकुरलं नाही.